ग्रह सूर्याभोवती फिरतात की सूर्यामागे धावतात?

वरळी_नाका · शनिवार, रात्री ११:२०

"शाळेत आपल्याला चुकीची सूर्यमाला शिकवली" अशा मथळ्याचा तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय. सूर्य सुसाट पुढे चाललाय आणि ग्रह त्याच्या मागून मळसूत्रासारखे वळसे घेत धावतायत, खाली गंभीर संगीत. सोसायटीच्या ग्रुपवर आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला, आणि मग पुतणीने विचारलं, "काका, म्हणजे पुस्तकातलं खोटं?" एका ओळीत उत्तर देण्यासारखा प्रश्न नाही, म्हणून धागा.

आधी व्हिडिओचा हिशोब तपासू. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला साधारण २३० किमी वेगाने जातो. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाखांच्या वर. म्हणजे एका वर्षात सूर्य ७२५ कोटी किमीच्या आसपास सरकतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ३० कोटी किमी. हे प्रमाणात काढायचं तर मळसूत्राचा एक वेढा २४ सेंमी लांब आणि जेमतेम १ सेंमी रुंद होईल. ए-फोर कागदावर ती रेघ जवळपास सरळच दिसते, जरा हात थरथरलेल्या माणसाने ओढल्यासारखी. व्हिडिओतले ते गरगरीत वेढे निव्वळ देखाव्यासाठी आहेत.

पण मळसूत्र ही कल्पना चूक नाही, आणि ते मान्य न करता व्हिडिओला हसणारेही मला पटत नाहीत. आकाशगंगेबाहेरून बघणाऱ्याला पृथ्वीची वाट तशीच दिसेल. खरी चूक "मागे" या दाव्यात आहे. ग्रह सूर्याच्या मागे पडलेले नाहीत. ग्रहांच्या कक्षांचं प्रतल आकाशगंगेच्या प्रतलाशी सुमारे ६० अंशांचा कोन करतं, त्यामुळे पृथ्वी वर्षाचा अर्धा काळ सूर्याच्या पुढे असते आणि अर्धा काळ मागे. सूर्य ग्रहांना दोरी बांधून ओढत नाही. आकाशगंगेतला तो प्रवास सगळ्यांचा सारखाच आहे. सगळ्यांना सारखा असलेला वेग वजा केला की जे उरतं ते पुस्तकातलं चित्र.

आता माझा मुद्दा. कोण "खरंच" फिरतं यावर लोक तावातावाने भांडतात. कुठूनही बघा, गणित जुळवता येतं. मॉडेल निवडायची माझी कसोटी वेगळी आहे: कुठल्या मॉडेलमध्ये मुकाट्याने गिळावे लागणारे योगायोग जास्त आहेत?

टॉलेमी घ्या (इ.स. १५० च्या सुमाराचा, अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ). पृथ्वी मध्ये. प्रत्येक ग्रहाला एक मोठं कक्षावृत्त, त्यावरून सरकणारा एक बिंदू, आणि त्या बिंदूभोवती एक छोटं उपवृत्त. ग्रह उपवृत्तावर फिरतो, म्हणून अधूनमधून मागे गेल्यासारखा दिसतो, म्हणजे वक्री होतो. चौदाशे वर्षं हे चाललं, कारण ते चालत होतं. टाकाऊ मॉडेल इतकं टिकत नाही.

पण त्याच्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट आहे. मंगळ, गुरू, शनी या तिघांच्याही उपवृत्तावरची त्रिज्या कायम पृथ्वी-सूर्य रेषेला समांतर राहते. तिघांचीही! आणि बुध-शुक्राच्या उपवृत्तांचं केंद्र कायम सूर्याच्याच दिशेला. पाच वेगळे ग्रह, पाच वेगळी यंत्रं, आणि प्रत्येकात सूर्य गुपचूप येऊन बसलेला. का? टॉलेमीच्या मॉडेलमध्ये याला उत्तर नाही; अट बाहेरून घालावी लागते.

त्याहून गंमत म्हणजे त्याची मापं. कक्षावृत्ताची त्रिज्या ६० धरली तर मंगळाचं उपवृत्त ३९.५, गुरूचं ११.५, शनीचं ६.५. आता ६० ला या आकड्यांनी भागा. उत्तरं येतात १.५२, ५.२२, ९.२३. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं तर या ग्रहांची आजची अंतरं १.५२, ५.२०, ९.५४ आहेत. सूर्यमालेचा नकाशा त्याच्या तक्त्यात चौदा शतकं पडून होता!

सूर्य मध्ये ठेवला की सगळं एका झटक्यात सुटतं. ते उपवृत्त मंगळाचं नव्हतंच, ती आपली पृथ्वीची कक्षा होती. आपण फिरतोय हे विसरल्यामुळे प्रत्येक ग्रहाच्या गळ्यात तिची एकेक प्रत बांधावी लागली. कोपर्निकसने १५४३ मध्ये जे केलं त्याचं मोल मला इथे वाटतं. त्याचं गणित अधिक अचूक होतं, किंवा त्याने छोटी वर्तुळं काढून टाकली, असं सर्रास लिहिलं जातं. दोन्ही खरं नाही. छोटी वर्तुळं त्याच्याकडेही भरपूर होती.

तर, तुम्ही पोरांना हे कसं समजावता? आणि त्या व्हिडिओला काय उत्तर देता?

तात्या_डोंबिवली · रात्री ११:५२

लेख छान, पण नेहमीप्रमाणे टॉलेमी आणि कोपर्निकस. आमच्या आर्यभटाने हजार वर्षं आधी सूर्यकेंद्री सिद्धांत सांगून ठेवलाय, त्याचा उल्लेखही नाही. असो. आपलं ते कार्टं, दुसऱ्याचा तो बाब्या.

चिंचपोकळी · रात्री १२:१०

तात्या, म्हण उलटी झाली, पण भावना पोचल्या. :)

वक्री ग्रहासाठी आम्ही पोरांना सरळ लोकल दाखवतो. फास्ट गाडीत बसलोय, बाजूच्या रुळावर स्लो गाडी त्याच दिशेने चाललीय, आपण तिला मागे टाकलं की ती मागे सरकताना दिसते. पृथ्वी फास्ट, मंगळ स्लो. विषय संपला.

शून्यबिंदू · रात्री १२:३१

विषय संपत नाही, उलट तिथेच चांगला प्रश्न निघतो. पृथ्वी मंगळापेक्षा कायमच फास्ट आहे, मग मंगळ कायम वक्री का दिसत नाही? तुमच्या उदाहरणात रूळ सरळ आहेत, इथे गोल. पृथ्वी आणि मंगळ सूर्याच्या एकाच बाजूला आले की दोघे एका दिशेने धावतात आणि आपण त्याला मागे टाकतो. सूर्याच्या विरुद्ध बाजूंना असताना दोघांच्या दिशा उलट असतात, तेव्हा मंगळ उलट जास्तच जोरात पुढे जाताना दिसतो. म्हणून बाहेरचा ग्रह वक्री होतो तो नेमका सूर्याच्या समोर, मध्यरात्री डोक्यावर असताना, आणि तेव्हाच सर्वांत तेजस्वी दिसतो. डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये मंगळ कर्केतून मागे येत पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ पोचला होता. मुंबईच्या दिव्यांतही गच्चीवरून स्पष्ट दिसत होता.

वक्री होणं आणि सर्वांत तेजस्वी दिसणं एकाच वेळी का, हाही वरळी_नाका यांच्या यादीतला योगायोगच. तो सूर्य मध्ये ठेवल्यावर उरत नाही.

मंदफल · रविवार, सकाळी ७:०५

तात्या, तुमच्या मुद्द्यावर नीट लिहितो, कारण आर्यभटाचं श्रेय हवं तितकं घ्या, फक्त ते योग्य जागी घ्या.

आर्यभटीय इ.स. ४९९ चं. त्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे स्पष्ट आहे: नावेतून जाणाऱ्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. ही साधी गोष्ट नव्हे. ब्रह्मगुप्तासारख्या दिग्गजाने त्यावर टीका केली. पण हे झालं परिवलन. पृथ्वी सूर्याभोवती जाते असं आर्यभटाने कुठे म्हटलेलं नाही. त्याच्या ग्रहगणिताचं केंद्र पृथ्वीच आहे.

आता त्यातला खरा खजिना बघा. सिद्धांतात, म्हणजे खगोलगणिताच्या जुन्या ग्रंथांत, ग्रहाला दोन संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, देतात. मंदसंस्कार, म्हणजे ग्रहाचा स्वतःचा वेग कमीजास्त होतो त्याचा. आणि शीघ्रसंस्कार, म्हणजे वक्री-मार्गी होण्याचा. मंगळ, गुरू, शनी यांचं शीघ्रोच्च (ज्या बिंदूवरून हा दुसरा संस्कार मोजतात तो) कोण? मध्यम सूर्य, म्हणजे एकसमान गतीने चालतो असं धरलेला सूर्य. तिघांचंही एकच. बुध-शुक्रांच्या बाबतीत उलट: त्यांचा मध्यम ग्रहच सूर्याबरोबर चालतो आणि शीघ्रोच्चाला स्वतःची गती असते. आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात बुधाच्या शीघ्रोच्चाच्या १,७९,३७,०२० फेऱ्या दिल्यात. भागाकार करून बघा, एका फेरीला ८७.९७ दिवस. बुधाला सूर्याभोवती एक फेरी मारायला आज आपण जो काळ मानतो, तोच! शुक्राचं तसंच: ७०,२२,३८८ फेऱ्या, म्हणजे २२४.७ दिवस.

म्हणजे सूर्यकेंद्री काळ त्यांच्या हातात होता, "शीघ्रोच्च" या नावाखाली. या आकड्यांवरून काही अभ्यासकांनी आर्यभटाच्या मागे मूळ सूर्यकेंद्री मॉडेल असावं असा तर्क केलाय. बहुतेक इतिहासकारांना तो पटत नाही, मलाही नाही. निरीक्षणातून आकडा मिळणं वेगळं, आणि त्या आकड्याचा अर्थ लावणं वेगळं.

सूर्यसिद्धांतातले शीघ्रपरिधी, म्हणजे शीघ्रसंस्काराच्या छोट्या वर्तुळांचे परीघ, हेही वरच्या टॉलेमीच्या खेळात बसतात. मंगळाचा २३२ ते २३५, गुरूचा ७० ते ७२, शनीचा ३९ ते ४० (पूर्ण वर्तुळ ३६०). ३६० ला भागलं की मंगळ १.५३ ते १.५५, गुरू ५ ते ५.१४, शनी ९ ते ९.२३. परत तोच नकाशा.

या परंपरेत सूर्याभोवती फिरणारे ग्रह बघायचे असतील तर केरळात जा. नीलकंठ सोमयाजी, तंत्रसंग्रह, इ.स. १५०० च्या सुमारास. त्याने बुध-शुक्रांचा मंदसंस्कार योग्य जागी नेला, आणि त्याच्या मांडणीत पाचही ग्रह सूर्याभोवती फिरतात व सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती. टायको ब्राहे या डॅनिश खगोलनिरीक्षकाने असंच मॉडेल १५८८ मध्ये प्रसिद्ध केलं. अभिमान बाळगायचाच तर इथे बाळगा, इथे पुरावा आहे.

मुंबईजवळचंही एक नाव सांगून थांबतो. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. शके १४४२ मध्ये (१५२०) त्यांनी ग्रहलाघव लिहिलं. ज्या, म्हणजे साइन, वापरायच्याच नाहीत अशी पैज लावल्यासारखं सगळं गणित बेरीज-वजाबाकी-भागाकारावर आणलं. अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरून अवाढव्य आकडे छाटले. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं या ग्रंथावर चालली. यात नवीन विश्वरचना नाही, पण गावातल्या जोशाला पाटीवर ग्रह काढता यावेत ही सोय आहे. मॉडेलचा इतिहास लिहिताना असल्या माणसांना कुणी विचारत नाही.

तात्या_डोंबिवली · सकाळी ८:४०

बुधाचे ८७.९७ दिवस हे माहीत नव्हतं. कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, येतंय. बाकी आर्यभटाबद्दल माझं मत मी राखून ठेवतो.

पाटीपेन्सिल · सकाळी ९:१५

मी मुलुंडला शाळेत शिकवते. माझी अडचण वेगळीच आहे. पुस्तकात पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते, सूर्य एका टोकाला. मग दरवर्षी एक तरी मूल म्हणतंच, "बाई, उन्हाळ्यात आपण सूर्याच्या जवळ असतो ना?" मी नाही म्हणते, पण चित्र माझ्या विरोधात साक्ष देतं! वर्गात खरं चित्र कसं दाखवू?

शून्यबिंदू · सकाळी १०:०२

पाटीपेन्सिल ताई, दोन टाचण्या आणि दोरा घ्या. पृथ्वीची कक्षा ६० सेंमी लांबीची काढायची तर दोन टाचण्यांमध्ये फक्त १ सेंमी अंतर ठेवा. जे उमटेल ते कुणाच्याही डोळ्याला वर्तुळच वाटेल. लांबी-रुंदीतला फरक एक दशांश मिलिमीटरसुद्धा नाही, पेन्सिलीच्या रेघेपेक्षा कमी. पण सूर्य एका टाचणीवर आहे, मध्यापासून अर्धा सेंमी सरकलेला. तो फरक मात्र दिसतो.

मग मंगळ काढा. टाचण्यांमध्ये ५.६ सेंमी. आता सूर्य जवळपास ३ सेंमी बाजूला, तरी रुंदी लांबीपेक्षा फक्त २.६ मिमी कमी. म्हणजे लंबवर्तुळाचं चपटेपण नगण्य, केंद्र सरकणं ठळक. केंद्र सरकवलेलं वर्तुळ घेऊन जुन्या लोकांचं काम इतकं चांगलं का भागलं, ते यातच आलं.

उन्हाळ्याच्या प्रश्नासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. मुलांना २० मार्च ते २२ सप्टेंबर दिवस मोजायला सांगा, आणि मग उरलेले. १८६ आणि १७९. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, १४.७ कोटी किमी, आणि तेव्हा जोरात धावते. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५.२ कोटी किमी, आणि संथ. म्हणून उत्तर गोलार्धातलं उन्हाळ्याकडचं अर्धं वर्ष आठवडाभर मोठं. केप्लरचा दुसरा नियम कॅलेंडरवर!

केप्लरचा विषय निघालाच आहे तर त्याची आठ कलांची गोष्ट (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६०० मध्ये तो टायकोकडे गेला आणि मंगळ त्याच्या गळ्यात पडला. टायकोची निरीक्षणं दुर्बिणीशिवायची, तरी एक-दोन कलांपर्यंत अचूक. केप्लरने सरकवलेलं वर्तुळ घेऊन मंगळ बसवला, आणि काही ठिकाणी ८ कलांचा फरक राहिला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे ३१ कलांचा दिसतो. म्हणजे चंद्राच्या पाव रुंदीइतकी चूक. दुसऱ्या कुणी सोडून दिली असती. केप्लरने सगळी मांडणी मोडली, कारण टायको इतका चुकणार नाही यावर त्याचा विश्वास होता. आधी क्षेत्रफळाचा नियम (वरचा दुसरा नियम: सूर्य-ग्रह रेषा सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ ओलांडते) हाती लागला, मग अंडाकृती करून पाहिली, ती फसली, आणि शेवटी लंबवर्तुळ. पुस्तक १६०९ चं. मंगळाऐवजी शुक्र वाट्याला आला असता तर काहीच सापडलं नसतं. शुक्राची कक्षा फारच गोल.

तिसरा नियम १६१८ मध्ये. अंतराचा घन आणि काळाचा वर्ग सारखे येतात (अंतर पृथ्वीच्या पटींत, काळ वर्षांत). गुरू: ५.२० चा घन १४०.६, ११.८६ चा वर्ग १४०.७. हे सातवीतल्या मुलांकडून करून घ्या, तोंडं बघण्यासारखी होतात.

कांदेपोहे · सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली. फक्त एक शंका. ग्रह सूर्याभोवती नाही तर "सामाईक गुरुत्वमध्या"भोवती फिरतात, म्हणून सूर्यकेंद्री म्हणणंही चूक, असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

वरळी_नाका · दुपारी १२:१५

खरं, पण आकडे बघूनच घाबरा. पृथ्वी-सूर्याचा गुरुत्वमध्य सूर्याच्या केंद्रापासून साडेचारशे किमीवर. सूर्याची त्रिज्या जवळपास ७ लाख किमी. म्हणजे काहीच नाही. गुरूचं मात्र वेगळं: तो बिंदू केंद्रापासून सुमारे ७.४ लाख किमीवर, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जरा बाहेर! गुरूमुळे सूर्य सेकंदाला १२-१३ मीटर वेगाने डुलतो. दुसऱ्या ताऱ्यांचं असंच डुलणं मोजून त्यांचे ग्रह शोधतात. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह असाच सापडला.

तेव्हा "सूर्य स्थिर आहे" हेसुद्धा एक मॉडेलच. शाळेसाठी उत्तम, अवकाशयान पाठवायला अपुरं.

रवि_शनि · दुपारी २:४०

मी पंचांग बघणारा माणूस आहे, लगेच तलवारी उपसू नका. पृथ्वीकेंद्री मॉडेल चुकीचं ठरलं तर पंचांगातले ग्रह चुकीचे का ठरत नाहीत? गुरू अमुक राशीत म्हटलं की तो आकाशात तिथे दिसतोच की.

मंदफल · दुपारी ३:२५

प्रश्न रास्त आहे. पंचांगाला हवी असते दिशा, पृथ्वीवरून दिसणारी. ती पृथ्वीकेंद्रीच असणार, कारण बघणारा पृथ्वीवर आहे. आज गणित सूर्यकेंद्री करतात, गुरूची आणि पृथ्वीची जागा वेगवेगळी काढतात, आणि शेवटी एकीतून दुसरी वजा करून दिशा देतात. जुन्या यांत्रिक तारांगण-प्रोजेक्टरमध्ये हे प्रत्यक्ष पितळेत होतं: प्रत्येक ग्रहाच्या पिंजऱ्यात सूर्याभोवती फिरणारी एक पृथ्वी, एक ग्रह, आणि दोघांना जोडणारी दांडी. दांडीची दिशा तीच घुमटावर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा.

पंचांगंही बदललीच की. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मध्ये युरोपीय गणितावरून ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत आणली, आणि त्यावरून आपल्याकडे जुन्या-नव्या पंचांगांचा जो वाद पेटला तो पुढे कित्येक दशकं धुमसत राहिला. ग्रंथ बरोबर की आकाश, असा तो वाद. आकाश जिंकलं.

आता तुमच्या आवडीचं उदाहरण देतो. शनीची फेरी २९.४६ वर्षांची, तिचे बारा भाग केले की एका राशीला जवळपास अडीच वर्षं, तीन राशींची साडेसाती. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून सिंहस्थ बारा वर्षांनी. पण सात फेऱ्या ८३ वर्षांत होतात, ८४ नाही. त्यामुळे कधीतरी अकरा वर्षांनीच गुरू सिंहेत येतो. इथवर गुरूची कक्षा. पण नाशिकचा येता सिंहस्थ बघा: गुरू ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस सिंहेत जातो, वक्री होऊन परत कर्केत येतो, आणि जून २०२७ मध्ये पुन्हा सिंहेत. गुरूने स्वतः एक पाऊलही मागे टाकलेलं नसतं! तो कर्केतला परतीचा फेरा सगळा पृथ्वीच्या कक्षेचा.

फलज्योतिषावर बोलत नाही, तो दुसरा धागा.

रवि_शनि · दुपारी ३:५०

पटलं. म्हणजे सिंहस्थाच्या तारखांत पृथ्वीची फेरीही मिसळलेली आहे. हे आमच्यात कुणी असं सांगत नाही.

चिंचपोकळी · दुपारी ४:०५

फलज्योतिषाचा धागा कुणीही काढू नका. मागच्या वेळी साडेतीनशे प्रतिसाद झाले होते आणि गुरू आहे तिथेच होता.

कांदेपोहे · संध्याकाळी ६:२०

पण मग नीलकंठ-टायकोचं मॉडेल का हरलं? ग्रह सूर्याभोवती, सूर्य पृथ्वीभोवती. त्यातही वरळी_नाकांचे योगायोग सुटतातच ना?

वरळी_नाका · संध्याकाळी ७:१०

अगदी वर्मावर बोट ठेवलंत. दिशांपुरतं बोलायचं तर टायको आणि कोपर्निकस यांत काडीचा फरक नाही. शुक्राच्या कला (चंद्रासारखं वाढणं-घटणं) गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिल्या त्यात टॉलेमी हरला, टायको नाही.

आणि टायकोचा आक्षेप दमदार होता: पृथ्वी एवढी फिरते तर तारे वर्षभरात जरासुद्धा हललेले का दिसत नाहीत? याचं उत्तर मिळायला फार वेळ गेला. ब्रॅडलीने १७२९ मध्ये दाखवलं की वर्षभरात प्रत्येक तारा २० विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) डोलतो, कारण पृथ्वीचा वेग आणि प्रकाशाचा वेग मिळून ताऱ्याची दिशा तिरपी करतात. टायकोला हवा होता तो पराशय, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्यामुळे ताऱ्याचं दिसणारं हलणं, शेवटी बेसेलने १८३८ मध्ये मोजला. म्हणजे पृथ्वी फिरते हे सगळ्यांनी मान्य केल्यावर शतकभराने तसा थेट पुरावा हाती आला.

मग आधीच लोकांनी का मानलं? न्यूटनमुळे. १६८७ नंतर प्रश्नच बदलला. कशाभोवती काय फिरतं हे आकृतीचं राहिलं नाही, कोण कोणाला ओढतं हे झालं. सूर्यात पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट वस्तुमान. तो पृथ्वीभोवती फिरेल कसा? टायकोच्या मॉडेलमध्ये भूमिती होती, कारण नव्हतं.

शून्यबिंदू · रात्री ९:००

न्यूटनच्याही पुढचं थोडं लिहितो, कारण मॉडेल कसं मोडतं याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

युरेनस १७८१ मध्ये सापडला आणि काही दशकांतच गणितापासून भरकटायला लागला. फ्रेंच गणिती ल वेरिएने म्हटलं, बाहेर एखादा न दिसलेला ग्रह ओढत असणार, आणि जागा काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला गाल्लेने दुर्बीण तिकडे वळवली, आणि एका अंशाच्या आत नेपच्यून. मग त्याच ल वेरिएने १८५९ मध्ये बुधाकडे बघितलं. बुधाची कक्षा हळूहळू फिरते; बाकीच्या ग्रहांची ओढ वजा करूनही थोडं उरतं, आजच्या मापाने शतकाला ४३ विकला. त्याने तीच युक्ती लावली: बुधाच्या आत एक ग्रह असणार. नावही ठेवलं, व्हल्कन. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. नव्हताच. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून त्या ४३ विकला नवा ग्रह न घालता बाहेर पडल्या.

तोच माणूस, तीच पद्धत. एकदा नवा ग्रह हवा होता, एकदा नवा सिद्धांत. आधी कळायची सोय नाही.

आपल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनीही १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत केलं होतं, अंतर पृथ्वीच्या ३९ पटींच्या आसपास. १९३० मध्ये प्लूटो सापडला तो जवळपास त्याच अंतरावर. माझ्या मते हा केवळ योग, कारण कुणाला ओढून दाखवण्याइतकं वस्तुमान प्लूटोत नाही. तात्या रागावतील.

आणि घड्याळासारखी अचूक सूर्यमाला हेही आता राहिलं नाही. लास्कर आणि गास्तिनो यांनी २००९ मध्ये संगणकावर पाचशे कोटी वर्षं पुढे अडीच हजार वेळा सूर्यमाला चालवून पाहिली, दर वेळी सुरुवात अगदी किंचित बदलून. सुमारे एक टक्का वेळा बुधाची कक्षा भयंकर ताणली गेली. नियम तेच, सगळं ठरलेलं, तरी भविष्य सांगता येत नाही.

पाटीपेन्सिल · रात्री ९:४५

टाचण्यांचा प्रयोग या आठवड्यातच करते. पण मुलांना आकाशात काहीतरी स्वतः मोजायला द्यायचं असेल तर? मुंबईच्या आकाशात उरलंय काय असं पालक विचारतात.

शून्यबिंदू · रात्री १०:२०

ग्रहांना मुंबई पुरते. सोपं काम सांगतो. फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ आणि गुरू दोघेही सूर्याच्या समोर येतात, दोघेही मघा ताऱ्याच्या आसपास, म्हणजे एकाच कागदावर दोघांचे फेरे काढता येतील. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत दर चार-पाच दिवसांनी ताऱ्यांच्या नकाशावर दोन ठिपके. एवढंच.

ऐन मध्यावर गुरू दिवसाला सुमारे ८ कला मागे सरकतो, मंगळ जवळजवळ तिप्पट. जवळचा ग्रह झपाट्याने मागे जातो, लांबचा सावकाश. तिसरा नियम मुलांना आधी करून दिला असेल तर या मागे जाण्याच्या वेगावरून अंतर काढता येतं. मोठ्या वर्गाला झेपेल. मोजपट्टी म्हणून हात लांब करून मूठ धरा, साधारण १० अंश. बारीक मापाला मोबाइलचा फोटो, तिपाईवरून, त्यात ओळखीचे दोन तारे हवेत.

वरळी_नाका · रात्री १०:४०

खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रीचे आकाशदर्शन कार्यक्रमही असतात, काळोख हवा असेल तर मुलांना तिकडे न्या. पण या मोजणीला गच्ची बरी, कारण एकदा जाऊन भागत नाही.

पाटीपेन्सिल · रात्री १०:५५

शाळेची गच्ची रात्री उघडत नाहीत. मुलं आपापल्या इमारतीवरून फोटो काढतील, मी सगळ्यांचे एका नकाशावर बसवते. शून्यबिंदू, वेगावरून अंतर काढायचं सूत्र नववीच्या मुलांना कळेल असं लिहून द्याल का?

शून्यबिंदू · रात्री ११:१५

देतो. कक्षा वर्तुळाकार धरून गुरूचं उत्तर छान येईल. मंगळाचं थोडं चुकेल, कारण २०२७ ला तो सूर्यापासून लांबच्या टोकाकडे असतो. ती चूक दुरुस्त करू नका, मुलांना सापडू द्या.